नाकावर नाल - एका वटवाघळाची दोनशे वर्षं

मागच्या डिसेंबरात महाबळेश्वरच्या बाजूला भटकायला गेलो होतो. आम्ही पाच जण. त्यातली एक मैत्रीण वटवाघळांवर काम करते, त्यामुळे पॉइंट, स्ट्रॉबेरी, मका वगैरे उरकल्यावर संध्याकाळी तिनं आम्हाला एका गुहेच्या तोंडाशी नेऊन उभं केलं. आत जायचं नाही, टॉर्च लावायचे नाहीत, बडबड करायची नाही. हे सगळं सांगून झाल्यावर तिनं स्वतः मास्क लावला. आमच्यातला एक जण लगेच म्हणाला, "म्हणजे आहे ना रे कोरोना ह्यांच्यात? तूच घाबरतेस!" ती म्हणाली, "मी माझ्यासाठी नाही लावलाय. माझं काही त्यांना लागू नये म्हणून लावलाय." सगळे एकदम गप्प.

मग तिनं सॅकमधून जुन्या ट्रान्झिस्टरएवढी एक डबी काढली. आपल्याला जेमतेम २० किलोहर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, ही डबी त्याच्या वरचे आवाज आपल्या कानाच्या पट्टीत खाली आणते. अंधार पडायला लागला तसं गुहेतून काहीतरी सुळसुळत बाहेर पडायला लागलं. डोळ्यांना फक्त हलणारा काळोख दिसत होता. तिनं चकती फिरवत नेली. चाळीस, पन्नास, साठ... नुसती खरखर. ऐंशीच्या जरा पुढे आली आणि डबी एकदम गायला लागली! खरखर नाही, टिकटिक नाही. शिट्टी वाजवणारा माणूस झोक्यावर बसवावा तसा चढउताराचा सूर. "हा बघ, राइनोलोफस रूक्सी," ती म्हणाली. बघायला काहीच नव्हतं, पण तिला जात कळली होती.

घरी आल्यावर मी ह्या प्राण्याच्या मागेच लागलो. तीन-चार वीकेंड त्यात गेले. जे हाताला लागलं ते इतकं भारी निघालं की लिहिल्याशिवाय राहवेना. कारण ह्या एवढ्याशा प्राण्याचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी आपल्या चुकांचा इतिहास आहे. आणि चूक दर वेळी एकच. आपण डोळ्यांनी बघून निकाल लावतो.

आधी ओळख करून देतो. राइनोलोफस म्हणजे नाकावर तुरा असलेला. ह्या कुळातल्या वटवाघळांच्या नाकपुड्यांभोवती कातडीची एक घडी असते, हुबेहूब घोड्याच्या नालेच्या आकाराची. तिच्या वर भाल्याच्या टोकासारखं आणखी एक पान. आपण वाघूळ म्हटलं की वडाला उलटी टांगलेली, फळं खाणारी मोठी धुडं आठवतात. हा प्राणी त्यातला नव्हे. हा किडे खातो. वजन दहा-बारा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एक मोठा चमचा साखर. रंग तपकिरी, पण काही काही इतके तांबूस-नारिंगी असतात की वेगळीच जात वाटावी. लटकताना पंख अंगाभोवती शालीसारखे गुंडाळून घेतो. भारतातला पश्चिम घाट, दक्षिणेचे डोंगर आणि श्रीलंका हे ह्याचं मुख्य घर. हिवाळ्यात जोड्या जमतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर मादीला एकच पिल्लू होतं. पिल्लाला धरायला म्हणून ह्या कुळातल्या माद्यांच्या पोटाखाली, मागच्या पायांपाशी, दोन जादा बोंडं असतात. त्यातून दूध येत नाही, ती नुसती धरायला! निसर्गानं हँडल बसवून दिलंय असं समजा.

ह्या प्राण्याला शास्त्रीय नाव मिळालं १८३५ साली. देणारा माणूस कुनराड याकोब टेमिंक, हॉलंडमधल्या लायडनच्या निसर्गसंग्रहालयाचा पहिला संचालक. तो काही भारतात आला नव्हता. पाँडिचेरी आणि कलकत्त्याहून गेलेले नमुने त्याच्या टेबलावर होते. वाळलेली कातडी, दात, हाडं, फूटपट्टी. तेव्हा काम असंच चालायचं. जगभरातून मेलेले प्राणी बोटीनं यायचे, युरोपातला कोणीतरी मन लावून मोजमाप घ्यायचा, आणि प्राण्याला नाव मिळायचं. त्यात टेमिंकचा काही दोष नाही. पण ज्या प्राण्याचं अख्खं आयुष्य आवाजावर चालतं, त्याची पहिली नोंद आपण तो कायमचा गप्प झाल्यावर केली, हे मला फार लागलं.

खरं म्हणजे आवाजाचा धागा त्याच्याही चाळीस वर्षं आधी सापडला होता. इटलीत पाव्हियाला लाझारो स्पालान्झानी नावाचा एक खटपट्या प्राध्यापक होता. १७९३ मध्ये त्याच्या लक्षात आलं की खोलीतली मेणबत्ती पूर्ण विझली की घुबड भिंतीवर आपटतं, पण वटवाघूळ आरामात उडत राहतं. मग त्यानं वटवाघळांचे डोळे काढून पाहिले. (आज हे वाचवत नाही, पण ते शतक तसं होतं.) आंधळी वटवाघळं तितकीच छान उडाली. त्यानं अशी आंधळी केलेली वटवाघळं सोडून दिली, काही दिवसांनी त्यातली काही पुन्हा पकडली आणि त्यांची पोटं तपासली. पोटं किड्यांनी भरलेली, डोळस भाऊबंदांसारखीच! पुढे जिनिव्हातल्या लुई ज्युरीननं १७९४ मध्ये वटवाघळांच्या कानात बोळे घातले, आणि ती धडाधड आपटायला लागली. स्पालान्झानीनं पुन्हा स्वतः करून पाहिलं. उत्तर तेच. वटवाघळं कानांनी बघतात.

आता प्रश्न असा की ती ऐकतात काय? खोलीत तर चिडीचूप शांतता. माणसाला काही ऐकू येत नाही म्हणजे आवाज नाहीच, असं त्या काळच्या कोणालाही वाटलं असतं. आणि तिथेच घोडं अडलं. पॅरिसमध्ये जॉर्ज क्युव्हिए हे त्या काळातलं शरीररचनाशास्त्राचं सर्वात वजनदार नाव. त्यानं एकही प्रयोग न करता सांगून टाकलं की हे सगळं पंखांच्या कातडीच्या स्पर्शामुळे होतं. झालं. पुढची शंभरहून जास्त वर्षं पुस्तकात स्पर्शच छापला गेला. स्पालान्झानी १७९९ मध्ये वारला. त्याचं बरोबर होतं, पण का बरोबर होतं हे त्याला कधीच कळलं नाही.

डेटा बरोबर, पण तो समजायला लागणारं उपकरण हातात नाही. आमच्या क्षेत्रात हे रोज घडतं. लॉगमध्ये दिसत नाही म्हणजे एरर नाही असं म्हणून आपण बग बंद करतो, आणि सहा महिन्यांनी तोच बग दारात उभा!

कोडं सुटायला १९३८ उजाडावं लागलं. हार्वर्डमध्ये डोनाल्ड ग्रिफिन नावाचा विद्यार्थी होता. त्याच विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जी. डब्ल्यू. पिअर्स ह्यांनी कानापलीकडचे आवाज पकडणारं यंत्र बनवलेलं. हा पठ्ठ्या पिंजऱ्यात वटवाघळं घालून पिअर्सकडे गेला, आणि पिंजरा यंत्रासमोर धरताच यंत्र कडकडायला लागलं. शांतता वगैरे काही नव्हतीच. ती वटवाघळं सतत ओरडत होती, आपण बहिरे होतो. पुढे ग्रिफिन आणि रॉबर्ट गॅलाम्बॉस ह्यांनी प्रयोग करून सिद्ध केलं की तोंड बंद केलं किंवा कान बंद केले, दोन्हीनं वटवाघूळ आपटतं. म्हणजे ते आवाज सोडतं आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकतं. एका परिषदेत हे ऐकून एक नामवंत शास्त्रज्ञ इतका हादरला की त्यानं गॅलाम्बॉसचे खांदे धरून त्याला गदागदा हलवलं म्हणे. त्या वेळी रडार आणि सोनार ही माणसाच्या बुद्धीची अगदी ताजी आणि गुप्त कमाल होती. ती एका क्षुद्र प्राण्याकडे आधीपासून आहे हे पचणं अवघडच होतं. १९४४ मध्ये ग्रिफिननं ह्या प्रकाराला 'एकोलोकेशन' हे नाव दिलं.

पण ग्रिफिनची वटवाघळं अमेरिकेतली, आणि नालनाकी वटवाघळं अमेरिकेत नाहीतच. ती फक्त आपल्या बाजूच्या जगात, आफ्रिका, युरोप, आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या पट्ट्यात. त्यामुळे त्यांची गोष्ट वेगळी आहे हे कळायला आणखी काही वर्षं गेली. १९५०च्या सुमारास जर्मनीत फ्रान्झ पेटर म्योरेस ह्यानं युरोपातल्या नालनाक्यांवर काम सुरू केलं. ह्याला दिसलं की ही वटवाघळं तोंड मिटून उडतात. त्यांचं तोंड बांधलं तरी काही फरक पडत नाही. नाकपुड्या बंद केल्या की मात्र संपलं! ती नाकातून ओरडतात. आणि अमेरिकेतल्या वटवाघळांसारखी छोटी, वरून खाली घसरणारी टिकटिक नाही करत, तर एकाच स्वरात लांब सूर लावतात.

आता तो नाकावरचा अवतार आठवा. ज्याला बघून लोक 'शी!' म्हणतात तो. ऐंशी किलोहर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी हवेत साधारण ४.३ मिलिमीटर येते. म्योरेसला असं आढळलं की ह्यांच्या दोन नाकपुड्यांमधलं अंतर तरंगलांबीच्या निम्मं असतं. कॉलेजमध्ये अँटेना शिकलेल्या कोणालाही इथे दचकायला होईल. दोन स्रोत अर्ध्या तरंगलांबीवर ठेवले की बाजूला जाणारा आवाज एकमेकांना मारतो आणि पुढे जाणारा वाढतो. म्हणजे ते नाक नाहीये, ती दिशा पकडून मारणारी बीम अँटेना आहे! नाल आणि वरचं पान त्या झोताला आकार देतात. सेमिस्टरला मी ह्याचं गणित सोडवून विसरून गेलो होतो. ह्या प्राण्यानं ते चेहऱ्यावर कोरून ठेवलंय.

एकच स्वर लांबवण्यात एक गोची आहे. छोट्या टिकटिकीत आवाज गेला, थांबला, परत आला असा हिशोब सोपा असतो. इथे सूर चाळीस-पन्नास मिलिसेकंद लांबतो, तोवर प्रतिध्वनी परत यायलाही लागतो. स्वतःच्या ओरडण्यात प्रतिध्वनी बुडायचा. मग हे ऐकतात कसे?

ह्याचं उत्तर १९६८ मध्ये जर्मनीतल्याच हान्स-उलरिश श्निट्झलर ह्यानं दिलं, आणि मला विचाराल तर ह्या सगळ्या कथेतला हा सगळ्यात सुंदर तुकडा. डॉपलर इफेक्ट आपल्याला शाळेपासून माहीत आहे. शिट्टी वाजवत येणारी गाडी जवळ येताना स्वर चढा आणि लांब जाताना उतरलेला. ख्रिश्चन डॉपलरनं हे १८४२ मध्ये मांडलं आणि १८४५ मध्ये हॉलंडात आगगाडीवर तुतारीवाले बसवून लोकांनी ते तपासूनही पाहिलं. आता वटवाघूळ सेकंदाला पाच मीटरनं झाडाकडे उडतंय आणि ८० किलोहर्ट्झचा सूर लावतंय असं धरा. झाडावरून येणारा प्रतिध्वनी साधारण ८२.३ चा होईल. श्निट्झलरला दिसलं की वटवाघूळ हे होऊ देत नाही. ते आपला आवाज तेवढा खाली उतरवतं, ७७.७ च्या आसपास, म्हणजे परत येणारा प्रतिध्वनी बरोबर ८० वर येऊन बसतो. वेग वाढला की आणखी उतरवतं. उडता उडता, दर हाकेला. बंद लूपची फीडबॅक कंट्रोल सिस्टम, दहा ग्रॅममध्ये!

एवढा खटाटोप ८० साठीच का? कारण त्याच्या कानाला ८० फार प्यारं आहे. आपल्या डोळ्यात मधोमध एक बारीक जागा असते, वाचताना आपण अक्षर तिथे आणतो. बाकी डोळ्याला फक्त अंदाज येतो. नालनाक्याच्या कानाच्या आतल्या शंखात तसंच आहे. त्या एका अरुंद फ्रिक्वेन्सीसाठी जागाच जागा दिलेली, आणि मेंदूतही तिच्यासाठी वारेमाप पेशी. शास्त्रज्ञांनी ह्याला श्रवणाचा 'फोव्हिया' असं डोळ्यावरूनच नाव दिलं. उलट त्याच्या जरासंच खालच्या फ्रिक्वेन्सीला कान चक्क मठ्ठ. त्यामुळे ७७.७ वरची स्वतःची ओरड कानाला फारशी त्रास देत नाही आणि ८० वरचा प्रतिध्वनी लख्ख ऐकू येतो. आमच्या गोचीचं उत्तर हे. प्रत्येक वटवाघळाचा हा लाडका स्वर किंचित वेगळा असतो आणि कान त्याच्या स्वतःच्या स्वराला लावलेला असतो, तंबोरा लावतात तसा.

आणि ह्यातून मिळतं काय? पानं हलत नाहीत (किंवा हळू हलतात), किड्याचे पंख मात्र फडफडतात. स्थिर सुरावर पडणाऱ्या प्रत्येक फडफडीनं प्रतिध्वनीत एक लकाकी उमटते. म्हणजे गच्च झाडीत, हजार पानांच्या गोंधळात, जिवंत किडा तेवढा चमकतो. सगळा नॉईज गाळून फक्त सिग्नल. माझ्या डोळ्यांना दिवसाढवळ्या जमणार नाही हे.

इथपर्यंतचं काम बहुतेक युरोपातल्या जातींवर, प्रयोगशाळेत झालेलं. आपला रूक्सी ह्या गोष्टीत आला तो उष्ण कटिबंधातल्या जंगलासकट. गेरहार्ड नॉयवायलर नावाचे जर्मन प्राध्यापक मदुराई कामराज विद्यापीठात येत असत. तिथे एम. के. चंद्रशेखरन ह्यांनी प्राण्यांच्या शरीरातल्या घड्याळाचा अभ्यास उभा केला होता, आणि मदुराईच्या आसपासच्या गुहांमधल्या वटवाघळांवर दोन्ही देशांच्या लोकांनी मिळून काम केलं. कोणती जात कोणत्या फ्रिक्वेन्सीला ऐकते आणि कुठे शिकार करते, ह्याचा मेळ त्यांनी घातला. मग नॉयवायलर आणि मंडळी श्रीलंकेत गेली आणि रूक्सी रात्री जंगलात नेमकं करतो काय हे बघत बसली. १९८७ मध्ये ते छापून आलं.

ते वाचताना मला आमच्या गल्लीतल्या पानवाल्याची आठवण झाली. अंधार पडल्यावर पहिला अर्धा-एक तास रूक्सी उडत उडत शिकार करतो. ही गर्दीची वेळ. नंतर मात्र तो एखाद्या बारक्या सुक्या फांदीला लटकतो, स्वतःभोवती सावकाश फिरत राहतो आणि चहूकडे आवाजाचा झोत टाकतो. किडा फडफडला की झेप, चारपाच सेकंदांत परत फांदीवर. तिथेच लटकून खाणं, पुन्हा फिरणं. आपला कोपरा सोडायचा नाही! दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ही वटवाघळं फक्त दाट जंगलात शिकार करत होती. शेजारी विरळ झाडी होती, तिथे जात नव्हती. म्हणजे अख्खी यंत्रणा, नाक, कान, मेंदू, ही गच्च झाडीसाठी घडलेली आहे. झाडी गेली तर ह्याला दुसरं काही येत नाही.

त्याच अभ्यासात श्रीलंकेतल्या रूक्सीचे स्वर मोजले होते. साधारण ७३ ते ७९ किलोहर्ट्झ, नर खालच्या बाजूला आणि माद्या वरच्या. हा आकडा लक्षात ठेवा, आता लागणार आहे.

परत नावाकडे येऊ. टेमिंकनंतर सत्तर वर्षांनी, १९०५ मध्ये, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये काम करणाऱ्या क्नूड अँडरसन ह्या डॅनिश माणसानं जगभरातल्या नालनाक्यांची कवट्या-दात मोजून नवी मांडणी केली. त्यात चीनमधून आलेला एक प्रकार त्याला रूक्सीसारखा वाटला, म्हणून त्यानं त्याला रूक्सीचीच पोटजात केलं आणि सिनिकस म्हणजे चिनी असं नाव दिलं. हिमालयातलीही काही वटवाघळं ह्याच गटात गेली. अशा रीतीनं सह्याद्रीतला आमचा मित्र आणि चीनमधला त्याचा कोणीतरी नातलग एका नावाखाली आले आणि जवळजवळ शतकभर राहिले. २०००च्या सुमारास पुन्हा तपासणी झाली तेव्हा कळलं की सिनिकस ही स्वतंत्र जात आहे.

बरं, इकडे दक्षिण भारतात तरी सगळे एकच ना? तेही नाही. मदुराई कामराज विद्यापीठ आणि बंगलोरच्या एनसीबीएसमधल्या संशोधकांनी दक्षिणेतल्या रूक्सींचे आवाज आणि डीएनए गोळा केले. दिसायला सारखीच, पण सुराचे दोन गट. एक ८० किलोहर्ट्झच्या आसपासचा, दुसरा ९० च्या आसपासचा. डीएनएही तेच म्हणाला. हे दोन वेगळे वंश आहेत. २०१२ मध्ये त्यांनी ९० वाल्यांसाठी राइनोलोफस इंडोरूक्सी हे नाव सुचवलं. ज्या प्राण्याला आपण १८३५ पासून 'ओळखतो' म्हणत होतो, त्याच्या नावाखाली किमान तीन जण राहत होते. भाड्याच्या खोलीत एकाच नावाचा करार आणि आत तिघं, असा मामला. (मी पुण्यात नवीन होतो तेव्हा आम्हीही असंच राहायचो :) )

ह्यात माझ्यासारख्याला काय पडलंय, असं कोणी म्हणेल. पडलंय.

२००२ च्या शेवटी दक्षिण चीनमध्ये सार्स सुरू झाला. २००३ मध्ये आटोक्यात येईपर्यंत ८,०९६ रुग्ण आणि ७७४ मृत्यू. २००५ मध्ये दोन वेगवेगळ्या चमूंनी चीनमधल्या नालनाक्या वटवाघळांत सार्सच्या विषाणूचे नातलग सापडल्याचं जाहीर केलं. पुढे युनानच्या गुहांमधून, २०१३ आणि २०१७ मध्ये, आणखी जवळचे नातलग मिळाले. त्यात वारंवार येणारं नाव म्हणजे राइनोलोफस सिनिकस. हो, तोच, अँडरसननं रूक्सीची पोटजात केलेला. २०२० मध्ये कोविडच्या विषाणूशी ९६ टक्के जुळणारा विषाणू प्रसिद्ध झाला, तो युनानमधल्याच दुसऱ्या एका नालनाक्या जातीतला. नंतर लाओसमध्ये त्याहून थोडे जवळचे मिळाले. ही सगळी चुलत घराणी. माणसातला विषाणू माणसात नेमका कोणत्या वाटेनं आला ह्यावर अजून वाद चालू आहेत.

आता विचार करा, जुनं नाव तसंच राहिलं असतं तर बातमी काय झाली असती? 'भारतात, सह्याद्रीत सर्वत्र आढळणाऱ्या रूक्सी वटवाघळात सार्सचे नातलग.' आणि मग आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांनी काय केलं असतं ते सांगायला नको. नाव वेगळं झालं ते वेळेवर. तरीही २०२० च्या लॉकडाऊनमध्ये 'वटवाघूळ' एवढा एकच शब्द पुरला. आमच्या सोसायटीत सरळ ठराव आला होता की आवारातलं झाड तोडा, त्यावर वाघळं बसतात. ती फळं खाणारी होती, नालनाक्यांशी त्यांचा काडीचा संबंध नाही, पण कोण ऐकतो? २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांना भारतातल्या दोन फळखाऊ जातींत कोरोना गटातले विषाणू मिळाले. ते कोविडचे नव्हते असं त्यातच होतं. पुढे पाठवताना लोकांनी तेवढं वाक्य गाळलं.

धोका शून्य आहे असं मला म्हणायचं नाही. गुहेत शिरून वटवाघळं हाताळणं, त्यांना हुसकणं हे वेडेपणाचंच आहे. पण धोका नेमका कोणाकडे आणि कधी, हे कळायला आधी कोण कोण आहे ते कळायला हवं. सगळ्यांना एकाच नावानं हाक मारली की भीतीही सगळ्यांना सारखीच वाटली जाते, आणि मग पहिला दगड सगळ्यात जवळच्या वटवाघळाला लागतो.

आपला कायदाही फार वेगळा नव्हता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळखाऊ वटवाघळं उंदीर आणि कावळ्यांच्या रांगेत, उपद्रवी प्राण्यांच्या परिशिष्टात होती. रूक्सीसारख्या किडेखाऊंची तर तेव्हा नोंदच नव्हती. ना मित्र, ना शत्रू. जणू ऐकूच न आलेली. २०२२ च्या दुरुस्तीनं ते उपद्रवी प्राण्यांचं परिशिष्टच रद्द झालं आणि १ एप्रिल २०२३ पासून ते लागू झालं. उशिरा का होईना, एक ओळ तरी दुरुस्त झाली.

त्या संध्याकाळी परतताना मी मैत्रिणीला विचारलं होतं, "चेहरा न बघता तू इतकं खात्रीनं कसं सांगितलंस?" ती म्हणाली, "चेहरा बघून सांगितलं असतं तर खात्री नसती." तेव्हा मला तो नुसता डायलॉग वाटला होता. आता इतकं वाचल्यावर कळतंय की त्या एका वाक्यात स्पालान्झानीपासूनची सव्वादोनशे वर्षं होती.

असो. पुढच्या वेळी एखाद्या गडावर, लेण्यात किंवा गुहेत तुमच्या डोक्यावरून काही सुळकन गेलं तर किंचाळू नका, टॉर्चही मारू नका. ते तुमच्या केसात अडकणार नाही. हजार पानांतून एक पाकोळीएवढा किडा वेगळा काढणाऱ्याला तुमचं डोकं चुकवता येतं. त्यानं तुम्हाला कधीच बघितलंय, म्हणजे ऐकलंय. दोन पावलं मागे सरका आणि त्याला वाट द्या.